खाणीतला रोलर, सायकलींच्या शर्यतीत

मित्रांनो, रोलर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे डांबरी रस्ता दाबणारं ते अवजड धूड येईल. मी तो नव्हे. मी त्याच्या मानाने अगदी सडपातळ आहे. लोखंडी चौकटीत आडवी बसवलेली तीन गोल नळकांडी, एवढंच माझं शरीर. माझ्यावर सायकल उभी करतात, माणूस तिच्यावर बसतो आणि पायडल मारू लागतो. सायकलची चाकं फिरतात, त्यांच्याखाली मी फिरतो, पण सायकल जागची हलत नाही. घाम मात्र खराखुरा गळतो. मी जुना आहे, काळा आहे, एका टोकाला मला पोचाही आलेला आहे. तरी राजुऱ्यात सायकल चालवणाऱ्या कोणालाही माझ्याबद्दल विचारा. तो आधी हसेल आणि मग स्वतःच्या गुडघ्यावरची खूण दाखवेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, हे मला आठवत नाही. कळू लागलं तेव्हा मी राजुऱ्याजवळच्या एका कोळसा खाणीत होतो. खाणीतून कोळसा बाहेर आणायला एक लांबच लांब रबरी पट्टा असतो. तो रात्रंदिवस धावतो. त्याच्याखाली माझ्यासारखे शेकडो रोलर फिरत असतात आणि कोळशाचा सगळा भार अंगावर घेतात. वरून जाणाऱ्या कोळशाला आम्ही दिसत नाही, आणि पुढे त्या कोळशावर वीज करून दिवे लावणाऱ्यांना तर मुळीच दिसत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. काम चोख होत होतं.

आम्हाला पाहणारा एक माणूस होता, लटारूभाऊ. तो त्या पट्ट्याचा राखणदार. हातात टॉर्च घेऊन तो पट्ट्याच्या कडेने चालायचा आणि कान देऊन आमचा आवाज ऐकायचा. एखादा रोलर अडकला तर पट्टा घासतो, तापतो, कधी पेटतोही. म्हणून जरा कुठे कुरकुर ऐकू आली की लटारूभाऊ खाली वाकायचा.

"कायले कुरकुरून राह्यला बे? ग्रीस पायजे का तुले?"

असं बोलत बोलत तो कोळशाची भुकटी पुसायचा, ग्रीस भरायचा आणि जाता जाता पाठीवर थाप मारायचा. लोखंडालाही थाप कळते, मित्रांनो.

काही वर्षांनी खाणीत नवा पट्टा आला आणि त्याच्याबरोबर नवे रोलरही. आम्हाला काढून शेडमागे टाकलं. अंगावर गवत वाढलं, नळीच्या तोंडाशी कुंभारमाश्यांनी मातीची घरं केली. फिरण्यासाठी जन्मलेल्याला एका जागी पडून राहावं लागलं तर काय होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवसांबद्दल मी जास्त सांगत नाही. पुढे सांगण्यासारखं बरंच आहे.

लटारूभाऊ निवृत्त झाला. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज सायकल चालवायला सांगितलं, आणि तो राजुऱ्याच्या 'पहाट सायकल मंडळा'त दाखल झाला. या मंडळाचा कप्तान होता प्रणित. त्याचं औषधाचं दुकान होतं. उंच, तापट आणि सायकलवर सगळ्यांच्या पुढे. राजदीप वेल्डर होता. रश्मी एसटीच्या राजुरा डेपोत कंडक्टर होती. आणखी पाच-सहा जण होते. पहाटे उठून ही मंडळी आसिफाबाद रोडने दूरवर जाऊन यायची.

एका हिवाळ्यात त्यांची वाट बंद झाली. रस्त्यालगतच्या जंगलात वाघीण पिल्लं घेऊन राहायला आली होती. वनखात्याने गावोगाव सांगितलं, ऊन पडल्याशिवाय त्या रस्त्याने कोणी पायी किंवा सायकलने जायचं नाही. आणि ऊन पडल्यावर त्याच रस्त्यावर कोळशाचे ट्रक सुरू व्हायचे.

चहाच्या टपरीवर मंडळ तोंड पाडून बसलं. प्रणित म्हणाला, "दोन महिने घरी बसलो तं पाय गंजतीन आपले." मग त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा बर्फाच्या देशात माणसं खोलीत रोलर ठेवून त्यावर सायकल चालवत होती.

राजदीपने ती दोनदा पाहिली. "हे मले बनवता येते. फक्त चांगल्या नळ्या पायजे, बेअरिंगवाल्या."

लटारूभाऊने चहाचा ग्लास खाली ठेवला. "नळ्या कुठी हाय, मले माहीत हाय."

खाणीच्या भंगाराचा लिलाव झाला तेव्हा लटारूभाऊ त्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसला होता. एकेक रोलर हाताने फिरवायचा आणि कान लावायचा. खरखर आली की बाजूला ठेवायचा. आम्ही तिघे एका ओळीतले होतो. त्याने आम्हाला फिरवलं आणि आम्ही फिरलो. "हे तीन द्या," तो म्हणाला. त्याने मला ओळखलं की नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही. पण मातीची ती घरं त्याने मोठ्या मायेने खरवडून काढली.

राजदीपच्या वर्कशॉपमध्ये माझा दुसरा जन्म झाला. त्याने मला रॉकेलने धुतलं, नवं ग्रीस भरलं, लोखंडी चॅनलची चौकट केली. सायकलचं मागचं चाक दोन नळ्यांच्या मध्ये बसेल आणि पुढचं चाक तिसऱ्या नळीवर टेकेल, अशा बेताने त्याने आम्हाला बसवलं. मागच्या नळीबरोबर पुढचीही फिरावी म्हणून पिठाच्या गिरणीतला जुना पट्टा दोन्हींवर चढवला. असे आम्ही तीन भाऊ मिळून एक 'मी' झालो.

गावातल्या बुद्धविहाराशेजारच्या समाज मंदिरात मला ठेवलं. किल्ली राजदीपकडे असायची. पहिल्या दिवशी सगळं मंडळ गोळा झालं. पहिला मान कप्तानाचा. प्रणित ऐटीत चढला, दोन पायडल मारली आणि भिंतीवर जाऊन आदळला. सगळे हसले. मित्रांनो, मी कोणाला धरून ठेवत नाही. माझ्यावर प्रत्येकाला आपला तोल आपणच सांभाळावा लागतो. त्या दिवशी एकेक करून सगळे पडले, लटारूभाऊ तर दोनदा.

मग रश्मी चढली. ती डगमगली, भिंतीला बोट लावलं, आणि मग बोट सोडून चालवतच राहिली. चाकांखालून माझा घुमारा उठला आणि समाज मंदिर भरून गेलं.

"कसं काय जमलं वो तुले?" राजदीपने विचारलं.

"गडचांदूरच्या रोडवर उभ्याने तिकिटं फाडून पाह्य," ती चालवता चालवता म्हणाली. "तिथी बस उडते. इथी तं सारं सपाट हाय."

त्या दिवसापासून माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. पहाटे कुलूप उघडायचं, दिवा लागायचा, सायकली यायच्या. माझी एक खोड मात्र सगळ्यांना लवकरच कळली. थंडीत माझं ग्रीस घट्ट होतं. पहिल्यांदा जो चढेल त्याला मी दगडासारखा जड लागतो. कोणी काही वेळ घाम गाळून मला तापवलं की मी मोकळा होतो, आणि मग जो चढेल त्याच्या पायाखाली लोण्यासारखा पळतो. म्हणून रोज सकाळी दारातच ठरलेला प्रश्न यायचा.

"आज रोलर कोण तापवते?"

सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे. मग पाळी लागायची, पाळीवरून भांडण व्हायचं, भांडणावरून हसू. मला त्या प्रश्नाची सवय झाली. इतक्या माणसांनी माझ्यावरून रोज भांडावं, हा काय थोडा मान आहे?

पुढच्या हिवाळ्यात बातमी आली. चंद्रपूरला एका बंद सभागृहात रोलरवरच्या सायकल शर्यती होणार होत्या. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतली मंडळं येणार होती. आणि नियम असा की महिलांच्या अंतिम शर्यतीत ज्या मंडळाची बाई जिंकेल, त्या गावात पुढच्या वर्षीचा सोहळा व्हायचा.

त्या नियमाने रश्मीला झपाटलं. "आपल्या गावात पाहुणे म्हून कोण येते?" ती म्हणायची. "ट्रक येते, कोळसा भरते अन् जाते. मी रोज बसभर माणसं उतरवतो स्टँडवर, ते बी पुढची गाडी पकडून निघून जातेत. एकदा तरी लोकं राजुऱ्यासाठी राजुऱ्यात उतरले पायजे." ती सकाळच्या ड्युटीआधी यायची, संध्याकाळच्या ड्युटीनंतर यायची. तिची मांडी दुखायची, पण माझा घुमारा कमी व्हायचा नाही. मला खात्री होती, ही बाई अंतिम शर्यतीत पोचणार.

शर्यतीच्या दिवशी दुपारीच टेम्पो निघाला. सायकली, चादरीत गुंडाळलेला मी आणि सगळं मंडळ. लटारूभाऊची बायको रुखमाबाईही आली होती, सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरून तळलेल्या वड्यांचा, मोठा डबा मांडीवर घेऊन.

"जागच्या जागी सायकल फिरवाले इतक्या दूर जायाचं?" ती टेम्पोत बसता बसता म्हणाली. "घरचा पंखा काय वाईट होता? तो बी जागच्या जागी फिरते."

"तू चाल त खरी," लटारूभाऊ म्हणाला.

सभागृहात पाऊल टाकताच सगळ्यांचे डोळे दिपले. मंचावर एक झकपक जोडमशीन होतं, एकाच चौकटीत दोन रोलर शेजारीशेजारी. दोघांनी एकाच वेळी सायकल चालवायची, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर दोन ठिपके पळायचे. ज्याचा ठिपका आधी रेघ ओलांडेल तो जिंकला. बाहेर थंडी मी म्हणत होती आणि आत लोक शिट्ट्या मारत होते. मला मात्र व्हरांड्यात ठेवलं, शर्यतीआधी पाय मोकळे करायला. काही शहरी मुलांनी मला पाहून विचारलं, "हे भंगार कोणाचं?" मी मनावर घेतलं नाही. थोड्या वेळाने तीच मुलं माझ्यावर चढायला रांगेत उभी होती.

त्या रांगेत एक मुलगी होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. तिच्याबरोबर कोलू नावाचा एक मध्यमवयीन गृहस्थ होता. त्याचं गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ती मुलगी म्हणजे मंगली, धानोऱ्याकडची वनरक्षक आणि तिथल्या मंडळाची स्पर्धक. जंगलात गस्त घालायला ती सायकलने फिरायची. आमच्या मंडळीला तिने "जोहार" केला आणि वाकून माझ्यावर तळहात ठेवला.

"लोखंडाचा हाय," ती कोलूला म्हणाली. मग रश्मीकडे वळली. "आमचा लाकडाचा हाय, बाई. सागवानाचा. सुताराकडून कातून घेतला."

"कसा पळते?" रश्मीने विचारलं.

"आवाज नाई करत. म्हून किती पळाला ते समजतच नाई."

दोघी हसल्या. तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं की त्या दोघींचीच गाठ पडायची आहे.

शर्यती सुरू झाल्या. एकेक फेरी होत गेली. प्रणित पुरुषांच्या दुसऱ्या फेरीत हरला आणि धुसफुसत बसला. रश्मी मात्र फेरीमागून फेरी जिंकत होती. दुसऱ्या बाजूने मंगलीही जिंकत होती. आता महिलांची अंतिम शर्यत तेवढी राहणार होती, तोच पुरुषांची शेवटची फेरी संपता संपता मंचावर फाटकन आवाज झाला. जोडमशीनचा पट्टा तुटला होता. तुटता तुटता तो असा फटकारला की दोन्ही बाजूंचे, नळीचे फेरे मोजणारे छोटे तुकडे निखळून पडले आणि पडदा काळा झाला. आयोजक धावले, राजदीपही धावला. पण तसा पट्टा संध्याकाळी कुठे मिळणार? सभागृहाची वेळही संपत आली होती.

पंच होत्या सुगंधाबाई, शाळेत वर्षानुवर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाहेरचा तो काळा रोलर कोणाचा?"

राजुऱ्याचे सगळे हात एकदम वर गेले.

मला उचलून मंचावर आणलं, दिव्यांच्या झगमगाटात. व्हरांड्यात बराच वेळ कोणी माझ्यावर चढलं नव्हतं. मी थंडीने गारठलो होतो. मोजणीचा एक तुकडा धड होता, तो राजदीपने माझ्या टोकाला चिकटवला आणि पडदा पुन्हा उजळला. सुगंधाबाईंनी जाहीर केलं, "रोलर एक आहे, म्हणून एकीमागून एक चालवायचं. अंतर सारखंच. जिला कमी वेळ लागेल ती जिंकली. कोणी आधी जायचं, ते नाणेफेक जिंकणारी ठरवेल."

नाणं उडालं. रश्मी जिंकली.

प्रणित तिच्या कानाशी वाकला. तो माझ्या अगदी जवळ उभा होता, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"दुसरी जाजो. ते पोट्टी तापवते, तू पळवजो."

मित्रांनो, माझी खोड त्या सभागृहात फक्त राजुऱ्याच्या माणसांना माहीत होती. लटारूभाऊ खाली पाहू लागला. राजदीप उगाच स्क्रू पिळू लागला. मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो? मी राजुऱ्याचा. रश्मीने जिंकावं असं माझ्याइतकं कोणाला वाटत असेल? पण ती समोर उभी असलेली मुलगी माझ्यावर विश्वासाने तळहात ठेवून गेली होती.

रश्मी माझ्याकडे पाहत होती. मग तिने मान वर करून सुगंधाबाईंकडे पाहिलं.

"बाई, एक गोष्ट सांगाची हाय."

"बोल."

"हा रोलर थंडा हाय. थंडा असला की लय जड चालते. पहिली जे चढते तिचा दम यालेच तापवण्यात जाते. दुसरीले आयता मोकळा भेटते. आधी कोणी तरी याले तापवला पायजे, मंग शर्यत."

सभागृहात कुजबुज झाली. आयोजकांपैकी एक म्हणाला, "अहो ताई, वेळ नाही आता. नाणेफेक तुम्हीच जिंकलाय ना?"

"म्हून तं सांगून राह्यली," रश्मी म्हणाली.

सुगंधाबाईंनी घड्याळ पाहिलं. "लवकर आटपा. कोण तापवतंय?"

प्रणितने तोंड फिरवलं. बाकीच्यांनाही काय करावं सुचेना. तेव्हा रश्मीने आपली सायकल उचलून माझ्यावर ठेवली आणि स्वतःच चढली. मी जड होतो, फारच जड. तिचे पाय पायडलवर जोर करत होते आणि मी आतून कण्हत फिरत होतो. ज्या पायांनी शर्यत जिंकायची होती ते पाय ती माझ्यासाठी झिजवत होती. थोडा वेळ गेला. तिच्या कपाळावर घाम आला.

"उतर खाली!" प्रणित ओरडला. "बह्याड हायस का? तुये पाय थकतीन ना!"

"मंग तू चढ."

मग दात ओठ खात त्याने तिची सायकल धरली, तिला उतरू दिलं, आपली सायकल ठेवली आणि माझ्यावर चढला. त्या दिवशी तो जो चालला! हरल्याचा राग, रश्मीचा राग, पट्टा तुटल्याचा राग, सगळा त्याने माझ्यावर काढला. माझं ग्रीस वितळलं, नळ्या गरम झाल्या, घुमारा छतापर्यंत गेला.

"राग बी कामाची चीज हाय," रुखमाबाई खुर्चीतून म्हणाली. "हीटर लागत नाई."

सगळं सभागृह हसलं. प्रणितलाही हसू आलं असावं, पण त्याने दाखवलं नाही. मंगलीला दोन मिनिटं माझ्यावर बसून पाहू दिलं. उतरताना ती रश्मीला एवढंच म्हणाली, "तुमचा चांगला हाय, बाई."

"आता सांग," सुगंधाबाईंनी रश्मीला विचारलं, "पहिली की दुसरी?"

"दुसरीच," रश्मी ठासून म्हणाली. "नाणेफेक मी जिंकली. तो माया हक्क हाय."

आधी मंगली. शिट्टी वाजली. ती सायकलवर वाकली आणि पाय असे फिरू लागले की वरचं अंग जराही हलेना. जंगलातल्या पायवाटेने आवाज न करता जाण्याची सवय असलेलं ते शरीर. मी तिला काहीही कमी पडू दिलं नाही. तिची वेळ पडद्यावर आली आणि टाळ्या कडाडल्या.

मग रश्मी. पहिल्याच झेपेत तिने मला गर्रकन फिरवलं. अर्ध्या अंतरावर ती मंगलीच्या पुढे होती. राजुऱ्याची मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. लटारूभाऊ ओरडत होता, रुखमाबाई डबा वाजवत होती. शेवटचा तुकडा आला. तिचे पाय जळत होते, ते मला तिच्या चाकातून कळत होतं. तिने सोडलं नाही. मीही सोडलं नाही. रेघ ओलांडली आणि सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच फरकाने मंगली जिंकली होती.

रश्मी सायकलवरून उतरली. तिने मंगलीचा हात हातात घेतला, जोरात दाबला. मग व्हरांड्यात जाऊन ती अंधाराकडे तोंड करून उभी राहिली. रुखमाबाई तिच्यामागे गेली. आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि शेजारी उभी राहिली.

परतीच्या टेम्पोत सांबारवडीचा डबा तसाच भरलेला होता. वर्धा नदीचा पूल गेला तेव्हा प्रणितला राहवलं नाही.

"तू बोलली नसती तं आपण जिंकलो असतो."

"व्हय," रश्मी म्हणाली. "जिंकलो असतो. मले माहीत हाय."

"मंग काऊन बोलली?"

ती माझ्या चौकटीवर पाय टेकवून बसली होती.

"उद्या सकाळी आपण समाज मंदिरात गेलो असतो. दारात कोणी तरी इचारलं असतं, आज रोलर कोण तापवते? मंग हसता आलं असतं का रे आपल्याले? तुले आलं असतं?"

प्रणित बाहेर पाहू लागला. लटारूभाऊने डबा उघडला आणि पहिली वडी रश्मीच्या हातावर ठेवली, दुसरी प्रणितच्या. टेम्पोत हळूहळू बोलणं सुरू झालं. रडकुंडीला आलेली रश्मी शेवटी मंगलीच्या पायांचं कौतुक करू लागली आणि राजदीप सागवानाच्या रोलरचा हिशेब मांडू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोळे मिटून पडलो होतो. कुलूप उघडलं. नेहमीपेक्षा लवकर. राजदीपकडून किल्ली घेऊन एकटा प्रणित आत आला. पाळी त्याची नव्हती. त्याने सायकल ठेवली, चढला आणि मला तापवू लागला. बाकीचे आले तेव्हा मी मोकळा झालो होतो. दारातला प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. रश्मीने प्रणितच्या पाठीत एक धपाटा घातला, एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात सोहळा धानोऱ्याला झाला. आम्ही गेलो. दोन्ही बाजूंनी जंगल, मधून रस्ता, आणि शाळेच्या सभागृहात माझी वाट पाहत असलेला तो सागवानी रोलर. खरंच, तो अजिबात आवाज करत नाही. सुगंधाबाईंनी आता नियमच केला होता की शर्यतीआधी रोलर तापवलेला हवा, आणि तो स्पर्धकाने तापवायचा नाही. त्या कामाला सगळ्या मंडळांतून प्रणितचं नाव एकमताने पुढे आलं. त्याने कपाळाला हात लावला, पण चढला. त्या संध्याकाळी रश्मी पुन्हा मंगलीसमोर आली आणि या वेळी ती जिंकली. चांगली स्पष्ट जिंकली. मंगलीनेच तिला उचलून घेतलं.

आता यंदाचा सोहळा राजुऱ्याला आहे. गेला महिनाभर समाज मंदिराला रंग चालला आहे. रुखमाबाईने गल्लीतल्या बायकांना सांबारवडीच्या कामाला लावलं आहे. रश्मी बसमध्ये तिकीट देताना प्रत्येकाला सांगते, "शनिवारी संध्याकाळी समाज मंदिरात या. उतरजा इथीच, पुढे जाऊ नका." लोक हसतात, पण तारीख विचारून घेतात.

मित्रांनो, माझं आयुष्य अजून भरात आहे. म्हणून मी तुमच्याकडे दया मागत नाही, एक काम मागतो. वापरून झाल्यावर माझा पट्टा सैल करा, अंगावरचा घाम कोरड्या फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा ग्रीस द्या. आणि मला मखरात बसवू नका. ज्याला फिरायचं आहे त्याला फिरवणं, हीच त्याची काळजी. तुमच्या सायकलीलाही हे लागू आहे, आणि तुमच्या पायांनाही. पहिल्या दिवशी पडाल. मोठमोठे कप्तान पडले आहेत. उठा आणि पुन्हा चढा.

आता मी बोलणं थांबवलं पाहिजे. आज शनिवार आहे. बाहेर एसटी थांबली आहे आणि तिच्यातून सायकली उतरवण्याचा आवाज येतो आहे. दार उघडलं. दिवे लागले. कोणीतरी थंड हातांनी सायकल उचलून माझ्यावर ठेवली.

बघा, चाक फिरलं.